तिसरी खुर्ची

विद्यापीठाच्या माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर अजूनही सरांची पाठ आहे. कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा शर्ट, मानेवर वाढलेले केस आणि समोर फळ्यावर जर्मनमध्ये लिहिलेलं एक वाक्य. खाली छापलंय : 'आंतरराष्ट्रीय व्यापार, संस्कृती आणि भाषा. जगाशी जगाच्या भाषेत बोला.' माणूस काढून टाकला, पाठ ठेवली. चेहरा ठेवला असता तर कुणीतरी विचारलं असतं, हे सर कुठे भेटतील? पाठीबद्दल कोण विचारतं! दर वर्षी प्रवेश सुरू झाले की मी ते पत्रक मिळवते, चौथं पान उघडते आणि दर वर्षी माझं डोकं तितकंच तापतं. फळ्यावरच्या त्या वाक्याचा अर्थ 'आजची भेंडी निबर आहे' असा आहे. छापणाऱ्यांपैकी एकालाही जर्मन येत नाही, म्हणून ते अजून तिथं आहे.

विद्यापीठ म्हणजे देवासच्या बाहेर, बायपासला लागून, सोयाबीनच्या शेतांत उभी केलेली काचेची खासगी इमारत. आमच्या अभ्यासक्रमाचं नाव सगळ्यांत लांब आणि मुलं सगळ्यांत कमी. निम्मा व्यापार, निम्मी संस्कृती आणि भाषा. व्यापाराच्या निम्म्याला पाच प्राध्यापक होते. उरलेल्या निम्म्याला एकटे सर.

सर देवासचेच. त्यांचे पणजोबा थोरल्या पातीच्या दप्तरात कारकून होते. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं की देवासला एके काळी दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि एकाच रस्त्याच्या या बाजूला एकाचं राज्य तर त्या बाजूला दुसऱ्याचं. आमचा पहिला तास सरांनी त्या रस्त्यावर घेतला. सकाळी साडेसातला आम्हा अठरा जणांना भर बाजारात उभं केलं, एका टोपलीतून मेथीची जुडी उचलली आणि रस्ता ओलांडला.

"हो गया निर्यात!" पलीकडून ओरडले. "बघितलं का भिया? माझ्या पणजोबांच्या काळी इथं शिपाई उभा असायचा. कुठून आणली, कशाला आणली, सगळं त्याला सांगायचं. आता मला सांगा, मी सगळ्यांत मोठी चूक काय केली?"

आम्ही कागदपत्रं म्हणालो, जकात म्हणालो. एक जण चलन म्हणाला. तोवर मेथीवाली बाई रस्ता ओलांडून त्यांच्या अंगावर आली होती. "मास्टर साब, हर साल को यो नाटक! पूछके तो उठाया करो!"

"ही," सर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही चूक."

ते सगळ्यांनाच भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे. मुलींना, कुलसचिवांना, झाडूवालीला. निर्यातीच्या एका पेढीत त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. माळव्याच्या सोयाबीनची पेंड जहाजानं बाहेर पाठवायची आणि तिकडच्या पत्रांना उत्तरं द्यायची. जर्मन तिथंच शिकले. ते सोडून मास्तर का झालात, असं कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "हॅम्बर्गच्या माणसाच्या मुलीचं नाव मला माहीत होतं. पेरणाऱ्या एकाचंही नव्हतं."

भाषांचे त्यांनी वार ठरवले होते. सोमवारी जर्मन, बुधवारी माळवी, शुक्रवारी मराठी. त्या वारी त्या भाषेत मागितला नाही तर चहा द्यायचा नाही, असा त्यांनी कँटीनवाल्याशी करार केला होता. परिणाम असा झाला की विद्यापीठात सगळ्यांत आधी जर्मन कँटीनवाल्याला आलं. "गुटन मॉर्गन सर, त्सुकर कम?" असं तो साखरेचं विचारायचा, आणि सर खूश होऊन त्यातलं हिंदी 'कम'सुद्धा सुधारत नसत.

शुक्रवारी मी अडकले. मी धारची. आमचे पूर्वज धारच्या दरबाराबरोबर आले ते तंबू शिवायला. घरात मराठी, पण शाळा सगळी हिंदीत.

"धारवाली, वाचता येतं का मराठी?"

"बोलते, सर. वाचायची सवय नाही."

"म्हणजे आईचा फोन आला तर घ्यायचा, चिठ्ठी आली तर शेजारच्यांकडे जायचं?" वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या आईनं लिहिलेली लोणच्यांची वही दिली. जुनं वळण, मापं पायली-शेरांत. ती वही वाचता वाचता मी मराठी वाचायला लागले. आज हे लिहितेय ते त्या वहीमुळे. माझ्या रागात हेही धरा.

आता त्या खुर्चीचं सांगते.

इतर प्राध्यापक आम्हाला वाटाघाटी शिकवायचे तेव्हा समोरासमोर दोन खुर्च्या मांडायचे, एक विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. सर तिसरी मांडायचे. ती खुर्ची माल बनवणाऱ्याची. बाघ गावचा छापील कपडा विकताय? मग तिथं छापणारा. कापूस विकताय? मग वेचणारी. त्या खुर्चीवर बसणाऱ्यानं त्या माणसासारखं बोलायचं, त्याच्या भाषेत, आणि तिथून होकार आल्याशिवाय सौदा पक्का धरायचा नाही. व्यापाराचे प्राध्यापक हसायचे. "तुमच्या सरांचा सौदा झाला का, की अजून माणूस गावाहून यायचाय?" सर म्हणायचे, "येईल भिया. बस धामनोदला अडकलीय."

मला ती खुर्ची पहिल्या दिवसापासून आवडली होती, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

कारण मी पत्रकांवर वाढले. माझे बाबा पीथमपूरच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. आमच्या घरात वर्तमानपत्र यायच्या आधी पत्रकाचं प्रूफ यायचं. मी अक्षरं शिकले ती 'साथियो' या शब्दापासून. बाबांचे दोन नियम होते. पत्रकाखाली पूर्ण नावानं सही करायची, आणि एकदा बाहेर गेलेलं पत्रक मरेपर्यंत मागे घ्यायचं नाही. एकदा व्यवस्थापनानं त्यांना एकच ओळ मागे घ्यायला सांगितली होती. बाबांनी घेतली नाही. आठ महिने कामाबाहेर राहिले. आईनं शिवणकामावर घर चालवलं. त्या आठ महिन्यांचा आमच्या घरात सणासारखा उल्लेख होतो.

तर अशी मी. आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सरांची तोंडी परीक्षा. जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी आमच्या भाषा विभागाचा करार होता, सहा महिन्यांसाठी एक जागा. सरांच्या तोंडी परीक्षेत जो पहिला येईल तो जाणार. घरी मी आधीच सांगून टाकलं होतं. आईनं लोकरीचं जाकीट विणायला घेतलं होतं.

विषय होता मांडूची इमली. मांडूला ती मोठ्या बुंध्याची खुरासानी इमलीची, म्हणजे गोरखचिंचेची, झाडं आहेत, त्यांची नारळाएवढी फळं रस्त्याकडेला विकतात. युरोपात त्या फळाची पूड आरोग्यासाठी म्हणून महाग विकली जाते. मी निर्यातदार होणार होते. पूड, वेष्टन, जहाज, सगळं जर्मनमध्ये तोंडपाठ होतं. खोलीत शिरले तर सर म्हणाले, "धारवाली, तू तिसऱ्या खुर्चीवर. तू नालछ्याची बाई. मांडूच्या रस्त्यावर फळं विकतेस."

मला आनंद झाला. कष्ट करणाऱ्यांच्या बाजूनं बोलायला मला तयारी कशाला लागणार होती? माझा एक वर्गमित्र जर्मन कंपनी झाला होता. त्यानं विचारलं, "आप एक मौसम में कितना माल दे सकती हैं?" आणि मी सुरू झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचं शोषण, दलाल, बाजार, आमचा घाम. हिंदी अशी की बाबांनी मान डोलावली असती. मागे बसलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सर शेंगदाणे खात होते. तोंडी परीक्षेला ते नेहमी शेंगदाणे खायचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, झाड कणी को?"

झाड कुणाचं?

मी म्हणाले, "जो मेहनत करे, उसका." पुन्हा टाळ्या.

"वर कोण चढतं?"

मला माहीत नव्हतं.

"फळ कोणत्या महिन्यात येतं?"

तेही नव्हतं.

"ही बाई असं बोलत नाही, भिया," सर म्हणाले. "खुर्चीवर बाई नव्हतीच. तू होतीस. नापास."

मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. यांच्या पणजोबांनी पंख्याखाली बसून दप्तरं सांभाळली, माझ्या पणजोबांनी उन्हात तंबू शिवले, आणि हे मला सांगणार की कष्टकरी कसे बोलतात? त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. 'संस्कृति के नाम पर मनमानी.' फी विदेशी भाषेची आणि शिकवतात काय तर भेंडी-मेथी. गुण देण्याला कसोटी नाही. विद्यार्थ्यांच्या भविष्याशी खेळ. एका दालनातून दुसऱ्या दालनात मी ते स्वतः वाटलं, खाली पूर्ण नावानं सही करून. यातलं काहीच धडधडीत खोटं नव्हतं. चीड त्याचीच येते. एकेक वाक्य सुटं काढलं तर खरं होतं, सगळी मिळून खोटी.

सरांनी कँटीनमध्ये ते वाचलं. कँटीनवाल्याला म्हणाले, "अच्छा लिखती है," आणि घडी करून खिशात ठेवलं.

मला माहीत नव्हतं, पण व्यवस्थापनाला भाषांचा निम्मा बंद करायचाच होता. एक मास्तर, अठरा मुलं आणि बाजारात भरणारे तास हे त्यांना कधीच पचलं नव्हतं. फक्त कारण हवं होतं, आणि ते मी सहीनिशी दिलं. आठवड्यात मला कुलसचिवांच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलामागे कुलसचिव आणि ट्रस्टचे एक साहेब. टेबलासमोर एक खुर्ची, माझ्यासाठी. सर खिडकीजवळ उभे होते. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"बैठो बेटा," कुलसचिव म्हणाले. इतक्या प्रेमानं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "ये आपने लिखा है?"

"जी."

"किसी के दबाव में?"

"नहीं."

"इस पर कायम हैं?"

सर माझ्याकडे बघत होते. नंतर त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. मी ते बघितलं. मला कळलंसुद्धा, पुसट का होईना, की टेबलामागच्या या दोघांचा सौदा आधीच झालाय आणि माझ्याकडून फक्त मान हलवून हवीय. पण माझ्या डोक्यात बाबा होते आणि ते आठ महिने. पत्रक मागे घ्यायचं नसतं.

"एक-एक शब्द पर," मी म्हणाले.

ट्रस्टचे साहेब हसले. "फिर तो ये विद्यार्थियों की ही माँग हुई."

सरांनी खांद्यावरची कापडी पिशवी सावरली. दारापर्यंत गेले, वळले आणि मला म्हणाले, "भाव तो पूछ लेती, भिया."

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे पास झालो. मीसुद्धा, विशेष श्रेणीत. मग जर्मनीहून कळवण्यात आलं की करार भाषा विभागाशी होता आणि विभाग उरला नसेल तर जागाही उरत नाही. आईनं जाकीट तसंच पुरं केलं. मी ते धारच्या थंडीत घालते. जर्मनच्या तासाला पडद्यावर एक बाई बोलायची, मग तीही बंद झाली. कँटीनवाल्यानं एका सोमवारी व्यापाराच्या प्राध्यापकांना "त्सुकर कम?" विचारलं तर त्यांनी उद्धटपणाची तक्रार केली. अभ्यासक्रमाचं नाव मात्र तितकंच लांब राहिलं. पदवीवर तेच आहे. संस्कृती आणि भाषा. मी ती पदवी भिंतीवर लावलेली नाही.

नालछ्याला मी त्यानंतर गेले, फळांच्या दिवसांत, धारहून बसनं. मांडूच्या रस्त्याला एका वाकड्या झाडाखाली पोतं पसरून एक बाई बसली होती. साठीची असेल. मी फळ घेतलं, शेजारी बसले आणि जो प्रश्न मला विचारला होता तोच तिला विचारला.

"झाड? झाड म्हारा ससरा को," ती म्हणाली.

"और सरकार?"

"सरकार को कागद में है. ऊपर तो म्हारो छोरो चढे. सरकार चढी कदी?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली.

मग मी परीक्षेतला प्रश्न विचारला. बाहेरच्या देशाचा कुणी येऊन सगळं फळ मागेल, तर?

"सगळो? नी दूँ."

"ज्यादा भाव दे तो?"

"तो बी नी. छोरां चूसे, पेट दुखे तो ससरा खाय. और सगळो दे दूँ तो म्हूँ याँ बैठके कईं करूँ? थारा जैसी से बात कुण करे?"

नी दूँ. देत नाही. दोन वर्षं त्या खुर्चीवर आम्ही आळीपाळीनं बसलो. भाव वाढवून मागितला, रडलो, माझ्यासारखीनं भाषणं ठोकली. देत नाही असं एकानंही म्हटलं नाही. त्या खुर्चीवरून ते म्हणता येतं हे आम्हाला सुचलंच नाही. कुलसचिवांच्या खोलीतही मला ते सुचलं नाही.

मी परत येऊन दुसरं पत्रक लिहिलं. पहिलं मागे घेणारं. आमच्या घराण्यातलं असं पहिलंच. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि खाली सही आहे ना तेवढं बघितलं. मग मी देवासला सरांकडे गेले. टेकडीच्या पायथ्याशी, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते तीन परिचारिकांना जर्मन शिकवत होते. त्या तिकडच्या इस्पितळांत जाणार होत्या. मला दारात बघून म्हणाले, "बस. आज सोमवार आहे, चहा जर्मनमध्ये माग."

मी मागितला. त्यांनी पत्रक वाचलं, दोनदा.

"माझं नाव काढ यातनं."

"का?"

"नाव घातलंस की लोक माझ्यावर बोलतील. बिचारा मास्तर म्हणतील. मला नको ते."

"तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. परिचारिका वहीत डोकं घालून बसल्या. "एक शब्द बोलला असतात तर मी थांबले असते! उभे राहून बघत बसलात!"

"खुर्ची तुझी होती."

"मी वीस वर्षांची होते, सर!"

त्यांचे कान लाल झाले होते. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "तुला नापास केलं आणि मी घरी येऊन जेवलो. नालछ्याची बस धारवरूनच जाते. मी घेऊन जायला हवं होतं तुला. मास्तर होतो ना मी?" मग एकदम चिडून, "पण पत्रक लिहिलंस ते लिहिलंसच ना! मला येऊन शिव्या दिल्या असत्यास तर मराठीत तरी दिल्या असत्यास!"

आम्ही दोघंही हसलो नाही. मी त्यांना नालछ्याच्या बाईचं सांगितलं. "नी दूँ" ऐकलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अशी म्हणाली?" "हो." "पुन्हा सांग, कशी म्हणाली?" मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं.

नाव मी काढलं. इथंही घातलेलं नाही. पण पत्रक छापलं.

यंदा प्रवेशाच्या पहिल्या दिवशी मी ते घेऊन विद्यापीठाच्या फाटकाबाहेर उभी होते. पहारेकऱ्यानं मला ओळखलं आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं. लोक पत्रक घेत होते, घडी करून वारा घेत होते. कुक्षीकडून आलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन थांबले. मुलीच्या हातात माहितीपत्रक होतं, चौथ्या पानाशी उघडलेलं.

"दीदी, ये जर्मन वाले सर पढ़ाएँगे ना?" तिनं पाठीवर बोट ठेवून विचारलं.

"नहीं. अब यहाँ जर्मन नहीं पढ़ाते."

वडिलांनी माझ्याकडे संशयानं बघितलं, मग मुलीच्या हातातल्या त्या चकचकीत कागदाकडे. "ऐसे कैसे? फोटो छपा है, नीचे लिखा है. छपा है तो सही ही होगा."

माझ्या घरात कुणी यापेक्षा वेगळं मानलं नव्हतं. मी हातातला गठ्ठा काखेत धरला.

"नहीं काकाजी," मी म्हणाले. "छपा हुआ झूठ भी होता है. मैंने खुद छापा है."